भरतीचं घड्याळ: आकडे भरले नाहीत तर तिथीच बरी

भरती-ओहोटी दाखवणाऱ्या घड्याळांची जाहिरात ठरलेली. नोकरी सोडून किनाऱ्यावर झोपडी बांधून राहिलेला कुणी गोरा, बगलेत सर्फबोर्ड, मनगटावर घड्याळ, खर्च कंपनीचा. त्याला पट्टा तुटला की नवा मिळतो. पदरचे पैसे घालून ते मालवण-देवबागेत वापरायचं तर हिशोब वेगळा.

डब्यातून काढल्यावर दिसणाऱ्या आलेखावर विसंबू नका. शहर म्हणून दिल्ली निवडली की वेळ बरोबर लागते, पण भरतीच्या हिशोबाला रेखांश ७७ अंश धरला जातो. मालवण ७३.५ च्या आसपास. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १४ मिनिटं इथेच गेली. रेखांश हाताने भरा.

खरी मेख दुसऱ्या आकड्यात आहे: चंद्र माथ्यावरून गेल्यापासून पूर्ण भरती होईपर्यंतचा अवधी. तो बंदरागणिक बदलतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुंबईचा अवधी मालवणात घातला तर घड्याळ मागे पडतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातून जवळच्या बंदराच्या भरतीच्या वेळा घ्या, घड्याळाशी ताडून बघा आणि सरासरी फरक अवधीत कमी-जास्त करा. त्यात उधाणाचे (पुनव-अवसेचे) आणि भांगाचे (अष्टमीच्या आसपासचे, भरती कमी चढते ते), दोन्ही दिवस हवेत. नुसत्या पुनवेवर लावलेलं घड्याळ अष्टमीला चुकतं.

एवढं केल्यावरही असं घड्याळ पाणी किती चढेल हे मीटरमध्ये सांगत नाही, फक्त चढतंय की उतरतंय ते दाखवतं. वारा त्याला कळत नाही. खाडीत आत भरती उशिरा पोचते, तेही कळत नाही. कर्लीच्या खाडीत कयाक घालणाऱ्याला मात्र चढ-उताराची ही एक नजर कामाची: भरतीबरोबर आत जायचं, सुकतीबरोबर परतायचं. देवबागच्या मुखाशी सुकतीची ओढ जबर असते, तिथे आलेख उतरता दिसला की पोहणाऱ्याने पाण्याबाहेर यावं.

तिथीची पाऊणपट करणारे या घड्याळाला हसतात, आणि त्यांचं फार चुकत नाही. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे ३ च्या सुमारास भरती, पुढची सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. हा ठोकताळा मुंबईकडे जास्त जुळतो, मालवणात भरती त्याआधीच येते.

निगा सोपी, पण चुकवू नये. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मग बटणं दाबा. मीठ सुकल्यावर दाबलं तर खडे आत जाऊन रबरी वायसर खातात. २०० मीटरचा शिक्का असला तरी पाण्याखाली बटण दाबू नये. सेल बदलताना वायसरही बदलून घ्या. सौरऊर्जेवरचं घेतलंत तर झाकण वरचेवर उघडावं लागत नाही.

कयाक किंवा सर्फिंगवाल्यांनी जरूर घ्यावं. तिसऱ्या (शिंपले) काढायला जाणाऱ्यांना दिनदर्शिका पुरे.