मंद वाऱ्यात लेझर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने आयएलसीए ६ ही एका माणसाने चालवायची छोटी शिडाची बोट वापरतोय. म्हणजे जुनी लेझर रेडियल, ५.७६ चौरस मीटर शिडाची. या बोटीवरचं बहुतेक लिखाण जोराच्या वाऱ्याचं असतं. बाहेर कसं लटकायचं, उलटली तर सरळ कशी करायची वगैरे. माझ्या वाट्याला येतो तो बहुधा चार ते सहा नॉटचा वारा, त्यामुळे हा अनुभव तेवढ्यापुरताच.

निकाल आधीच सांगतो. मंद वाऱ्यात बोट झकास चालते, पण तिला चुळबुळ करणारा माणूस चालत नाही. हल (बोटीचा मूळ सांगाडा) साधारण ५९ किलोचा, म्हणजे बहुतेक वेळा बसणारा बोटीपेक्षा जड. वीतभर मागे सरकलात की मागची कड पाण्यात रुतते आणि खळखळ ऐकू येते. तो आवाज आला की वेग गेलाच समजा. कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खळग्याच्या, पुढच्या टोकाला, डॅगरबोर्डाला (बोटीखाली पाण्यात सरकवायची फळी) खेटून बसायचं आणि हलायचंच असेल तर मांजरासारखं.

वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे तिरकं जाताना, बोट वाऱ्याखालच्या अंगाला किंचित कलती ठेवतो. पाण्याला घासणारं अंग कमी होतं, आणि इतक्या कमी वेगात बोटीला अडवतं ते मुख्यतः हे घर्षणच. शिवाय शीड आपल्याच वजनाने आकार धरतं, वाऱ्याने ते भरायची वाट बघावी लागत नाही. टिलरलाही (सुकाणूचा दांडा) हलकी ओढ लागते, ती हवीच. बोट काय म्हणतेय ते त्यातूनच कळतं. मात्र कल वाढला की सुकाणूने सतत सावरावं लागतं आणि उरलासुरला वेग त्यात जातो.

शिडाबद्दल एक मतभेद नोंदवतो. 'वारा कमी, तर शिडाला पोट जास्त द्या' हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो चार-पाच नॉटला लागू पडलेला दिसला नाही. दुबळा वारा खोल पोटावरून वळूच शकत नाही, मध्येच सुटतो. तेव्हा आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारा दोर) बऱ्यापैकी ताणलेला ठेवतो, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, आणि शिडाच्या मध्ये जेमतेम तळहात मावेल इतका. वारा थोडा भरला की मग सैल. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ओढणारा दोर) पूर्ण ढिला. सुरकुत्या दिसल्या तरी दिसू देत. मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करायचा दोर, ओढून ब्लॉकला ब्लॉक (कप्पीला कप्पी) भिडवायची सवय इथे घातक. मी फूटभर अंतर राखतो. पाण्यालगतपेक्षा वर वारा जास्त असतो, त्यामुळे शिडाच्या वरच्या भागाला पीळ लागतोच. मागच्या कडेचं टेलटेल (वाऱ्याचा प्रवाह दाखवणारी फीत) शिडाआड लपून बसलं तर आधी मेनशीट सोडून बघा.

तक्रार आहे ती मेनशीटचीच. जाड दोर ओला झाला की ब्लॉकमधून सुटतच नाही, बूम जागेवरच राहते. सहा मिलिमीटरचा घेतल्यावर फरक लगेच जाणवला. पण जाईब करताना, म्हणजे वारा पाठीवर असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे नेताना, त्याची झोळ मागच्या कोपऱ्यात अडकते, त्यावर दोर बदलून इलाज नाही. बूम मध्यावर येताच मेनशीटला झटका देणं हाच उपाय, आणि तो हातात बसायला वेळ लागतो.

खरी मजा वारा पाठीवर घेताना. डोलकाठीला बाजूचे ताण नाहीत, त्यामुळे बूम नव्वद अंशांच्याही पुढे सोडता येते आणि वारा शिडाच्या मागच्या कडेकडून पुढे वाहू लागतो. डॅगरबोर्ड अर्धा वर, बोट वाऱ्याकडे कलती, टिलर जवळजवळ मोकळा. या बोटीचं हे अंग मला सगळ्यात आवडलं.

रोल टॅक, म्हणजे वाऱ्यातून वळताना बोट अंगाने डोलवणं, जमला की प्रत्येक वळणावर बरंच अंतर वाचतं. शर्यतीत मात्र अंग हलवून बोट पुढे ढकलण्यावर बंधन घालणारा नियम ४२ लक्षात असू द्या. वळताना डोलणं चालतं, पण वळणानंतरचा वेग न वळता असता त्याहून जास्त निघता कामा नये.

नवीन शिडाची घाई करू नका, आधी बारीक दोर घ्या. बेलर (कॉकपिटमधलं पाणी बाहेर काढणारी झडप) या वाऱ्यात पाणी खेचतच नाही, उलट उघडा ठेवला तर अडथळा करतो. तो बंद, आणि कॉकपिटमध्ये एक स्पंज.