जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी डिस्क: हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी?

एप्रिल सरत आला की खानदेशातल्या कृषी केंद्रवाल्यांना एकच घाई असते. जूनमध्ये कपाशीच्या बियाण्यासाठी रांग लागायच्या आत बिलिंगचा कॉम्प्युटर धड करून घ्यायचा असतो. रावेर, चोपडा, अमळनेर, कुठेही जा, दुकानातला डबा दहा-बारा वर्षांचा असतो. सकाळी बटण दाबून झाडलोट उरकली, देवाला उदबत्ती लावली, तरी विंडोज पूर्ण उघडलेलं नसतं. नवा कॉम्प्युटर घ्यायची यंदा ऐपत नाही, मग निदान डिस्क बदलून भागेल का? आणि बदलायची तर कोणती?

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंडोज आणि रोजच्या कामासाठी २.५ इंची साटा एसएसडी घ्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी आणि साटा नावाच्या बारीक केबलने जोडायची डिस्क. फोटो, व्हिडिओ असा ढीगभर माल असेल तर त्यासाठी जोडीला हार्ड डिस्क ठेवा. पण दुकानात जाण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, पाहा. नवी डिस्क 'चालत नाही' म्हणून परत आणली जाते, तेव्हा दोष बऱ्याचदा डिस्कमध्ये नसतो.

बोर्ड काय सांगतो

आत ४० पिनांची रुंद, चपटी केबल दिसली आणि बोर्डावर साटाचं एकही पोर्ट नसेल, तर तिथे पैसे घालू नका. कन्व्हर्टर मिळतात, पण त्या जोडणीचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला १३३ एमबी असतो आणि बाकीचं मशीनही तितकंच थकलेलं असतं. डेटा काढून घ्या आणि त्याला रजा द्या.

आपल्याकडे जास्त करून जी-३१, जी-४१ किंवा २०११ नंतरचे एच-६१ बोर्ड सापडतात. तिघांच्याही चिपसेटवर (बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपांवर) साटा-२ आहे, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीपर्यंत. आजची प्रत्येक साटा एसएसडी साटा-३ ची, ६०० एमबीची असते. साटाच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, त्यामुळे ती लागते आणि बोर्डाच्या वेगाने चालते.

इथे बरेच जण अडतात. 'आमचा बोर्ड निम्म्याच वेगाचा, मग एसएसडी कशाला?' हा हिशेब चुकतो. विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल वाचत नाही, हजारो बारीक तुकडे वाचतं. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक चक्कर पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारं हेड सरकायचा वेळ धरला तर सेकंदाला शंभराच्या आतबाहेर तुकडे हाती लागतात. एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो उचलते. साटा-२ ची मर्यादा मोठा व्हिडिओ कॉपी करताना जाणवेल, बिल काढताना नाही.

सगळ्यात जुन्या साटा-१ बोर्डांत मात्र, विशेषतः व्हीआयए कंपनीच्या व्हीटी ८२३७ चिपवर, नव्या ड्राइव्हशी बऱ्याचदा बोलणीच जमत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कवर वेग साटा-१ च्या १.५ गिगाबिटवर बांधायला जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असायचा. एसएसडीवर तो नसतो. तिथे आधी कोणाची तरी ड्राइव्ह लावून पाहा, मगच विकत घ्या.

ऊन, लाइट आणि डेटा

आता आपल्या भागाचा प्रश्न. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या दुकानात, बंद कॅबिनेटमध्ये आतली हवा त्याहून तापते. साध्या डेस्कटॉप हार्ड डिस्कची सहनशीलता साधारण ६० अंशांपर्यंत असते, एसएसडीची ७० पर्यंत. शिवाय हार्ड डिस्कची मोटर स्वतःची उष्णता घालते. जिनिंगजवळच्या दुकानांत पंख्यात सरकीचा कापूस अडकून हवाच फिरत नाही, तिथे हा फरक फार मोठा ठरतो. एसएसडीला हलणारा भागच नसल्याने टेबल हलल्याचं, कोणाचा पाय लागल्याचंही भय नाही.

लाइट जाण्याच्या बाबतीत मात्र दोघींत डावं-उजवं करू नका. बिल सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइल हार्ड डिस्कवरही मोडते आणि साध्या एसएसडीवरही. त्यावर इलाज यूपीएसचाच. एसएसडी घातली म्हणून यूपीएसची मेलेली बॅटरी तशीच ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हिशेबाचा डेटा गेलेलाही पाहिला आहे. जीव तुटतो अशा वेळी, कारण वर्षभराची उधारी त्यातच असते.

हार्ड डिस्क जिथे खरंच वरचढ आहे ती जागा म्हणजे जपणूक. ती मरताना बऱ्याचदा आधी कुरकुर करते, अडखळते, म्हणजे डेटा काढायला थोडी सवड देते. एसएसडी काल चालू होती आणि आज दिसतच नाही, असंही होतं, आणि तिच्यातून डेटा परत मिळवणं फार अवघड. शिवाय एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. साध्या एसएसडीसाठीचं उद्योगाचं मानक इतकंच मागतं की जितक्या लिखाणाची क्षमता ठरलेली असते तितकं लिहून झालेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंशांत वर्षभर डेटा धरून ठेवावा. नवी ड्राइव्ह याहून बरंच जास्त टिकवते, पण उष्णतेत ही मुदत घटते, आणि आपल्या उन्हाळ्यातलं कपाट ३० अंशांवर राहत नाही. म्हणून लग्नाचे अल्बम सांभाळणाऱ्या फोटो स्टुडिओवाल्यांनी जुना माल हार्ड डिस्कवरच ठेवावा, आणि एकाच नाही, दोन डिस्कांवर.

मोठी हार्ड डिस्क घेताना २ टीबीची वेस लक्षात ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीच्या विभागणीत (पार्टिशनमध्ये) त्यापुढची जागा वापरताच येत नाही. ४ टीबीची डिस्क जीपीटी पद्धतीने विभागली तर विंडोज ७ आणि पुढच्यात डेटासाठी चालते, पण जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रामच्या) बोर्डावर विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही. विंडोज तर तुम्ही एसएसडीवर टाकणार आहात, त्यामुळे ही अडचण राहत नाही.

एनव्हीएमई आणि सेकंडहँड

एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या वेगवान मार्गाने जोडलेली एसएसडी, वेगाने डोळे दिपवते, पण एच-६१ आणि त्याआधीचे बहुतेक बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. पीसीआय एक्सप्रेस कार्डात बसवली तर डेटाची डिस्क म्हणून चालेल. जुन्या डब्यासाठी तो खर्च मला पटत नाही.

सेकंडहँड हार्ड डिस्क स्वस्त पडते. कित्येक डिस्क सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या, रात्रंदिवस फिरलेल्या असतात. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावून चालू तास पाहा. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं अखंड. बदललेले (रीअलोकेटेड) किंवा प्रलंबित (पेंडिंग) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले किंवा संशयित कप्पे, शून्याहून जास्त असतील तर हात लावू नका. हा तासांचा आकडा पुसताही येतो, त्यामुळे ज्या डेटावर पोट आहे तो अशा डिस्कवर मी ठेवणार नाही.

बसवताना काय अडतं

यावल तालुक्यातल्या एका आबांचा फोन आला होता: "भाऊ, नवी डिस्क बी बिघडनी." तीन आठवड्यांपूर्वीच एसएसडी बसवली होती, विंडोज सुरू होताना निळा पडदा येत होता. मी विचारलं, "आबा, बायोसमध्ये तारीख काय दिसतेय?" तारीख दहा वर्षं मागची होती. तिथेच कळलं. बोर्डावरचा बटण सेल, सीआर २०३२, मेला होता. दुकान बंद करताना मेन स्विच पाडला की बायोस सगळं विसरायचं. विंडोज टाकताना साटाचा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ठेवला होता, तो मूळच्या, जुन्या आयडीई पद्धतीवर परत गेला, आणि मोड बदलल्यावर विंडोजला आपलीच डिस्क सापडेना. नवा सेल घातला, मोड पुन्हा एएचसीआय केला, मशीन पहिल्यासारखं उभं राहिलं. तेव्हापासून माझा नियम आहे की एसएसडीबरोबर सेलही नवा घालायचा.

जी-४१ सारख्या, आयसीएच ७ चिपच्या साध्या बोर्डात एएचसीआयचा पर्यायच नसतो. घाबरू नका, आयडीई मोडमध्येही एसएसडी चालते. विंडोज मात्र किमान ७ हवं, कारण एसएसडीला लागणारी ट्रिमची सोय (पुसलेली जागा ड्राइव्हला कळवण्याची) एक्सपीत नाही. एक्सपीच्या जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं क्लोन करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका. क्लोन केलं तर विभागणीची जुनी, एसएसडीच्या मापाशी न जुळणारी सुरुवातही सोबत येते आणि एसएसडी मंदावते.

साटा केबलही नवी घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या अहवालात सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचाच असतो. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटाची वीजजोडणी नसेल तर चार पिनांच्या मोठ्या जोडणीवरून कन्व्हर्टर लागेल. त्यात प्लास्टिक एकसंध ओतलेले कन्व्हर्टर टाळा, त्यांत आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार घडलेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला घ्या.

एक गोष्ट एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि एच-६१ वरचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. नुसतं बिल काढायचं असेल तर ठीक, पण बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढायला लागा. तीच साटा एसएसडी काढून नव्या डेस्कटॉपमध्ये लावता येते, म्हणून आज घातलेला पैसा बुडत नाही.

जुनी डिस्क मात्र लगेच फॉरमॅट मारू नका. तिच्यावर तारीख लिहा, पिशवीत गुंडाळा आणि खरिपाचा हंगाम पार पडेपर्यंत कपाटात ठेवा. गेल्या वर्षीच्या उधारीची एखादी फाइल त्यातच राहिल्याचं पोळ्याच्या सुमारास ध्यानात येतं.