पोस्टग्रेसचं टाइमस्टॅम्पटीझेड, बरेच महिने वापरल्यावर

आमचं ऑनलाइन गाण्याच्या क्लासचं अ‍ॅप आहे, सर पुण्यात आणि मुलं पार न्यू जर्सीपर्यंत, म्हणून पोस्टग्रेसमध्ये नवीन डेटाबेस करताना तारीख-वेळेचे जवळपास सगळे कॉलम टाइमस्टॅम्पटीझेडच (टाइमझोनवाला तारीख-वेळेचा टाइप) घेतले.

नावावरून वाटतं झोन पण सेव्ह होत असेल, पण तसं काही नाहीये. आत यूटीसी वेळ (जगाची प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे) जाते आणि दाखवताना सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या कनेक्शनचा, टाइमझोन लागतो, बस. साध्या, म्हणजे बिनझोनच्या टाइमस्टॅम्पएवढेच ८ बाइट लागतात, त्यामुळे कोणी जागा वाचवायचं कारण दिलं तर ऐकू नका. उलट साधा टाइमस्टॅम्पच घातक, वेळेपुढे +०५:३० लिहून दिलं तरी तो ते गुपचूप टाकून देतो, ना एरर ना वॉर्निंग.

पेमेंट, लॉगिन, हजेरी, म्हणजे जे होऊन गेलंय त्याला हा टाइप एक नंबर. रिपोर्ट काढताना मात्र सांभाळा, सेशन यूटीसीवर असेल तर आपल्याकडचं रात्री १२ ते पहाटे साडेपाचचं सगळं आदल्या दिवशी मोजलं जातं. १२ व्या व्हर्जनपासून डेट-ट्रंकला (वेळ दिवस, महिना अशी कापून देणारं फंक्शन) तिसरं आर्ग्युमेंट झोनचं देता येतं, ते द्याच. आणि झोन एशिया/कोलकाता असा पूर्ण लिहा, आयएसटी असं लघुरूप नको, पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे भारताची नाही, इस्रायलची वेळ आहे 😄

खरी डोकेदुखी पुढच्या क्लासेसची. न्यू जर्सीच्या मुलांचा क्लास त्यांच्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे हिवाळ्यात इथे दुसऱ्या दिवशी पहाटे ६, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की इथे ५ वाजतात. वर्षभराचे क्लास एकाच यूटीसी वेळेवर टाकले तर उन्हाळ्यात तिकडे साडेआठ वाजणार आणि पालकांचे फोन सुरू. त्यात सरकारं नियमही बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात घड्याळ पुढेमागे करणंच बंद केलं, मग आधी काढून ठेवलेली यूटीसी वेळ चुकणारच. म्हणून क्लासच्या टेबलमध्ये आम्ही साधी स्थानिक वेळ आणि शेजारी अमेरिका/न्यूयॉर्क असं झोनचं नाव ठेवतो, यूटीसी वेळ त्यावरून काढतो आणि झोनचा डेटा अपडेट झाला की परत काढतो. घड्याळ सरांचं धरायचं की मुलांचं हे आधी ठरवून घ्या, ते डेटाबेस नाही ठरवत.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो, लांब मुदतीच्या तारखा त्यात टाकू नका.