नऊ महिने मुलांचे कपडे घरी शिवल्यावर: सुलट बाजू माझी, उलट बाजू त्यांची

पहिला फ्रॉक थोरलीने तीन मिनिटं घातला. छातीवर मशीनने भरलेला ससा, गुलाबी कान, कडेने दाट झिगझॅग. मी स्वतःवरच खूश. ती म्हणाली, "टोचतंय." फ्रॉक काढला, उलटा केला आणि परत घातला. दिवसभर ससा आत आणि माझ्या दोऱ्यांच्या गाठी बाहेर, सगळ्यांना दिसतील अशा.

तेव्हापासून तेवीस कपडे झाले. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. मशीन साधं घरगुती, इलेक्ट्रिक, झिगझॅग येणारं. त्यातले बाकीचे वीसेक नक्षीचे टाके मी एकेकदा करून पाहिले आणि विसरून गेले, त्यामुळे घेताना टाक्यांच्या संख्येला भुलू नका. झिगझॅगची रुंदी आणि लांबी वेगवेगळी कमीजास्त करता येते का आणि फूटचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब हलका करता येतो का, एवढं पाहा. दाब जास्त राहिला की होजिअरी, म्हणजे टीशर्टचं ताणलं जाणारं विणीचं कापड, ताणली जाते आणि टीशर्टच्या खालच्या दुमडीला नको असताना झालर येते.

होजिअरीने मला रडवलंच. पहिल्या दोन टीशर्टना मधेमधे टाके सुटत होते. मी टेन्शन (दोऱ्याचा ताण) फिरवलं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बदलली, मशीनला शिव्या घातल्या. दोष होता सुईचा. टोकदार सुई होजिअरीचा फासा फोडते. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती फाशांच्या मधून वाट काढते. 75/11 या मापाची बॉलपॉइंट सुई, झिगझॅगची रुंदी जेमतेम 0.5 आणि लांबी 2.5 मिमी, दोरा पॉलिएस्टर: हे जमलं आणि कटकट थांबली. होजिअरीला सरळ टीप घातलीत तर डोकं आत घालताना ती कट्‌कन तुटते, आणि हमखास गळ्यालाच.

गळ्यावरून आठवलं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, हे कळतं पण बेतताना वळत नाही. धाकट्याच्या डोक्याचा घेर 49 सेमी, आणि मी सुती झबल्याचा गळा त्याच्या मानेच्या मापाने कापला. कानापाशी अडकला बिचारा. शेवटी पाठीला चीर देऊन उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली आणि एक बटण शिवलं. गळ्याला नाडी मात्र कधीच घालत नाही. युरोपच्या ईएन 14682 या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी चालतच नाही. घसरगुंडीवर अडकली तर फास बसतो, हे त्यामागचं कारण.

आता मूळ तक्रार, म्हणजे आतली बाजू. माझ्याकडे ओव्हरलॉक, म्हणजे कडा कापून गुंफणारं मशीन, नाही, आणि नऊ महिन्यांनंतरही घ्यावंसं वाटलेलं नाही. पातळ सुती कापडाला फ्रेंच शिलाई घालते. कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून 5 मिमीवर टीप, मग माया (टिपेबाहेरचं जादा कापड) कातरून 3 मिमी, कापड उलटवून इस्त्री, आणि 7 मिमीवर दुसरी टीप. कच्ची कड आतल्या आत बंद होते. दोन्ही टिपा मिळून 12 मिमी माया जाते, ती बेततानाच धरायची. पहिल्यांदा मी ती धरली नव्हती. तो फ्रॉक आता बाहुलीला होतो.

सजावटीत सगळ्यात टिकलं ते कापड कापून लावलेलं चित्र, म्हणजे ॲप्लिक. पण त्यात अक्कल यायला पाच कपडे गेले. सशाच्या वेळी मी झिगझॅग 4 मिमी रुंद आणि गच्च घातला होता, खाली कडक कागद. कागद फाडून काढला तरी त्याचे कपटे टाक्यांत अडकून राहिले, तेच टोचत होते. आता चित्र इस्त्रीने चिकटवते, रुंदी 2 मिमीवर आणते, टाके जरा विरळ ठेवते, आणि शेवटी उलट्या बाजूला मऊ, विणलेलं चिकट अस्तर चित्रापेक्षा बोटभर मोठं कापून लावते. कोपरे गोल कापते, टोकदार ठेवले तर धुण्यात तेच आधी उचकटतात.

हाताच्या भरतकामातही तेच. साखळी टाका आणि उलटी टीप उत्तम. लांब टाके बोटांत अडकतात. गाठीच्या टाक्याचे डोळे फार गोड दिसतात, पण मागची गाठ छोटी ठेवा. मी गाठ मारतच नाही, दोरा मागच्या टाक्यांखालून दोनतीनदा फिरवून कापते.

कापडावरच्या रंगांबद्दल माझं मत बदललं. आधी हलकं समजत होते. खोडरबर कोरून केलेल्या ठशांचे पातळ छाप, एक दिवस वाळवून उलट्या बाजूने इस्त्री फिरवलेले, आजही जसेच्या तसे आहेत. ब्रशने जाड थर दिलेली मोटार मात्र चौथ्या धुण्यात तडकली.

टिकल्या आणि चिकटवायचे खडे डब्यात पडून आहेत. इस्त्रीचा चटका लागला की टिकल्या वळतात, आणि धाकट्याने एक खडा दातांनी उपटून गालात ठेवला होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला 31.7 मिमी व्यासाची नळी वापरतात, तिच्यात मावेल ते धोक्याचं. माझी सगळी बटणं तिच्यात मावतात. म्हणून त्याच्या कपड्यांना पुढे बटण नाहीच. आहे ते पाठीला, दुहेरी दोऱ्याने, मागे कापडाचा तुकडा ठेवून.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करायला हवी होती. या वयात मुलं वर्षाला 5 ते 7 सेमी उंच होतात, रुंदीला तेवढी नाही. म्हणून फ्रॉकच्या घेराला आतून एक चूण घालून ठेवते, आखूड झाला की उसवते. जुन्या घडीची फिकट रेघ राहते, तिच्यावर नागमोडी लेस. थोरलीला वाटतं लेस मुद्दाम लावलीय.

बाह्यांना अजून कंटाळते. मशीनच्या दांड्यावर धाकट्याची बाही चढतच नाही, म्हणून बगलेची शिवण घालायच्या आधी, कापड सपाट असतानाच बाहीची दुमड शिवून घेते. सशाचा तुकडा कापून उशीच्या अभ्र्याला लावला. थोरली रोज ती उशी घेते, पण ससा खाली करून.