सेकंड हँड पोर्शे केमन एस, 14 महिने वापरून: भाव काय आला आणि का

नोव्हेंबर 2024 ला घेतली, आता जानेवारी 2026 संपत आला. 2014 ची केमन एस, 981 जनरेशन, 3.4 लिटरचं सहा सिलेंडर इंजिन, पीडीके म्हणजे पोर्शेचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एमएच 02 पासिंग, मी तिसरा ओनर. 54 लाखाला घेतली तेव्हा मीटरवर 23,400 होते, आज 29,600 आहेत. मायलेज वगैरे नंतर, कारण मला इनबॉक्समध्ये सगळे एकच विचारतात, "विकलीस तर किती येतील?" तर मी खरंच विचारून आलो. विकायची नव्हती, पण बायको म्हणाली एकदा कळू दे तरी आपले पैसे कुठे उभे आहेत.

तीन ठिकाणी गेलो. पहिल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि 43 म्हणाला. दुसरा 45. तिसरा म्हणाला 51 ला पार्क अँड सेल करू, म्हणजे गाडी त्याच्या शोरूममध्ये उभी, इन्शुरन्स माझा, बॅटरी मेली तर माझी, आणि विकली गेली की त्यातून त्याचं कमिशन. आणि गंमत म्हणजे ऑनलाइन अशाच गाडीची जाहिरात 59 ची दिसते. ती 59 वाली मी घेताना पण तिथेच होती हो! तोच फोटो, मागे तोच पिवळा खांब. त्यामुळे जाहिरातीतला भाव हा भाव नसतो, ती मालकाची इच्छा असते, हे आधी डोक्यात घ्या.

तरी दहा-अकरा वर्षांच्या गाडीला 14 महिन्यांत रोख भावाने नऊ ते अकरा लाखाचा फटका म्हणजे मी काही रडत नाहीये. नव्या इम्पोर्टेड गाडीच्या मालकाला विचारा. 40 हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर कस्टम ड्युटीच मिळून 110 टक्के, त्यावर जीएसटी, त्यावर रोड टॅक्स, आणि यातलं काहीच गाडी विकताना परत मिळत नाही, शोरूमच्या गेटबाहेर पडली की पहिल्या मालकाचा बळी. आपण तिसरे असलो की तो उतार बराचसा संपलेला असतो. मग भाव ठरतो तो गाडी कुठली यावर. 981 मध्ये टर्बो नसलेलं सहा सिलेंडर आहे, 2016 ला तिची पुढची पिढी 718 आली तिच्यात चार सिलेंडर टर्बो बसवलं, जोरात पळते पण आवाज ऐकून शौकीन लोकांनी नाक मुरडलं. नंतर 4.0 लिटरचं सहा सिलेंडर परत आणलं पण ते महागड्या मॉडेलमध्ये, आणि 2025 मध्ये पेट्रोलवरची 718 बनवणंच थांबलं. फेरारी 458 चं तेच, टर्बो नसलेली शेवटची मिड इंजिन व्ही 8 म्हणून तिला नंतरच्या टर्बोवाल्या 488 पेक्षा जास्त मान. आणि आपल्याकडे तर माल मर्यादितच, कारण वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणजे दुबईत स्वस्तात दिसलेली 2014 ची केमन इथे येणारच नाही. जी काय आहेत ती तेव्हा नवी आली तेवढीच.

आता मी घेताना काय केलं ते सांगतो, कारण विकतानाचा भाव तिथेच ठरतो. आधी एक पांढरी बघितली होती, 49 ला, मीटर 19 हजार, आतून बाहेरून चकाचक. माझा मेकॅनिक, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो, त्याने लॅपटॉप लावला आणि काहीच बोलला नाही, फक्त स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं ते वेगळं साठवलेलं असतं. 1,900 तास. भागा की, ताशी दहा किलोमीटर! मुंबईचं ट्रॅफिक कितीही वाईट असलं तरी गाडी बैलगाडीच्या वेगाने दहा वर्षं नाही चालत. मीटर मारलेला. डीलर म्हणे "साहेब, मालक एसी लावून गाडीत बसायचा." आम्ही निघालो. माझ्या गाडीचे तास 1,020 निघाले, म्हणजे सरासरी 23 च्या आसपास, हे बरोबर अंधेरी ते फोर्टचं आयुष्य वाटतं.

दुसरी एक लाल होती, 46 ला, पुद्दुचेरी पासिंग. स्वस्त का, तर तिथे रोड टॅक्स कमी भरलेला. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला दर 20 टक्के, गाडी जुनी असली की वयाप्रमाणे कमी होतो, पण इथल्या नावावर करायची तर एनओसी, टॅक्स, एजंट, आरटीओच्या चकरा, आणि 12 महिन्यांच्या वर तशीच चालवली तर कधीतरी वरळीला कोणीतरी हात दाखवणार. (नव्या गाड्यांच्या टॅक्सची वरची मर्यादा जुलै 2025 पासून 20 वरून 30 लाख झाली, पण ते दुखणं आपल्यापेक्षा वरच्या लोकांचं.) माझ्या गाडीला 54 दिले त्यात एमएच 02 चे पाच-सहा लाख होते असं मी धरतो, आणि तिन्ही डीलरनी गाडीच्या आधी आरसी बघितली, त्यामुळे ते पैसे वाया गेले नाहीत.

डीलर घाबरवायला काय काय सांगतात! एक म्हणाला जुन्या गाडीवर आता 18 टक्के जीएसटी बसला म्हणून तुमचा भाव कमी. तो जीएसटी डीलरच्या मार्जिनवर असतो, पूर्ण किमतीवर नाही, आणि मोठ्या पेट्रोल गाड्यांना आधीपासून 18 च होता, डिसेंबर 2024 ला लहान गाड्यांना पण तेवढाच करायचं ठरलं. दुसरा म्हणाला ब्रिटनशी करार झाला, ड्युटी उतरणार, भाव पडणार. अहो शेठ, गाडी जर्मन आहे! ॲस्टन मार्टिन, मॅक्लारेनवाल्यांनी विचार करावा, त्यांचा भाव तसाही दगडासारखा खाली जातो. एक गोष्ट मात्र खरी, 22 सप्टेंबर 2025 ला मोठ्या गाड्यांवर 28 अधिक सेस जाऊन सरळ 40 टक्के जीएसटी झाला, नव्या लक्झरी गाड्या स्वस्त झाल्या, आणि तेव्हापासून जुनी घ्यायला येणारा माणूस कॅल्क्युलेटर घेऊनच येतो.

वापराचं म्हणाल तर मायलेज शहरात लिटरला सहा, अटल सेतू-पनवेल केलं तर दहा. पहाटे सहाला कोस्टल रोड, 80 ची लिमिट आहे, कॅमेरे आहेत, पण बोगद्यात 60 ने पण काच खाली केली की मागून जो आवाज येतो त्यासाठीच घेतली आहे. स्पीडब्रेकर तिरके घेतले की घासत नाही, आमच्या सोसायटीचा सोडून. स्टॅक पार्किंगवाल्याने (एकावर एक गाड्या चढवतात ते) पहिल्याच दिवशी हात जोडले, म्हणून खाली जागा भाड्याने घेतली, तिथे प्लग पॉइंट आहे, चार्जर लावून ठेवतो. नाहीतर तीन आठवड्यांत बॅटरी खलास.

खरी चपराक बसली पावसाळ्यानंतर. गेल्या वर्षी पाऊस 26 मेलाच आला, गाडी जवळजवळ चार महिने पिंपळाखाली उभी, ऑक्टोबरमध्ये काढली तर एसी गार होईना. या गाडीचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळीमागे असतात, तिथे हवेबरोबर कचरा पण जातो. अण्णाने बंपर उतरवला, आत पिंपळाच्या पानांचा काळा ओला गोळा, नुसता लगदा झालेला, त्यात एक गुटख्याची पुडी, आणि त्याच्यामागे कंडेन्सरला गंज चढून बारीक भोक. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरीसकट 1 लाख 35 हजार. महिन्यातून एकदा जाळीतून हात घालून पानं काढली असती तर फुकट झालं असतं. आता मुलगा रविवारी चिमटा घेऊन बसतो.

टायरचं पण तसंच. जाडी मस्त आहे, पण मागच्यांवर जो तारखेचा कोड छापलेला असतो त्याचे शेवटचे चार आकडे 1218, म्हणजे 2018 चा बारावा आठवडा. उभं राहून राहून दगड झालेत, पावसात मागून सरकते. 43 वाल्याने वाकून नेमके तेच आकडे वाचले होते, तेव्हाच कळलं माणसाला कळतं.

इन्शुरन्सचं एक सांगायचं राहिलं. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी जी किंमत धरते ती; पाच वर्षांपर्यंत तिचा तक्ता ठरलेला असतो, त्यापुढे कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं. मला आधी 31 दिली होती. डीलरचे लेखी भाव मेल केले, 44 केली. प्रीमियम वाढला, पण उद्या टोटल लॉस झाली तर 31 घेऊन घरी यायचं का?

मागचे दोन टायर ऑर्डर केलेत, 265/40 आर 19, पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर असते ती एन खूण असलेलेच, पुढच्या आठवड्यात येतील म्हणतोय. काल 45 वाल्याचा परत फोन आला, 47 करतो म्हणाला. म्हटलं शेठ, टायर बसू देत, मग बोलू.