घरात मुलं असताना परदेशातून दत्तक: आत्ता की नंतर, लहान की मोठं, एक की दोन

परदेशातून दत्तक घ्यायचं मनात आलं की लोक आधी विचारतात "कुठल्या देशातून बरं पडेल?" पण घरात आधीच एकदोन मुलं असतील तर माझ्या मते देश सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी घरातली मुलं बघायची, त्यांची वयं, स्वभाव, कोणाला किती लक्ष लागतं ते. त्यावरून येणाऱ्या मुलाचं वय ठरतं, आणि मग देश दोनतीनच उरतात, कारण तसेही आता फार देश उघडे राहिलेले नाहीत.

आकडे बघा म्हणजे कळेल. 2004 साली जगभरात साधारण 45 हजार मुलं एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक गेली, एकट्या अमेरिकेत 22 हजारांच्या वर. 2023 मध्ये अमेरिकेचा हाच आकडा 1,300 च्या आत आलाय. ग्वाटेमाला 2008 च्या सुमारास बंद झालं, रशियानं 2013 पासून अमेरिकन कुटुंबांना बंदी घातली, इथिओपियानं 2018 मध्ये सगळ्यांनाच, आणि चीननं 2024 मध्ये नातेवाईक आणि सावत्र मुलं सोडून बाकी सगळं थांबवलं. घेणारे देशही मागे सरकतायत, नेदरलँड्सनं 2024 मध्येच हे टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. यामागे कारणंही आहेत, उगाच नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारी सत्यशोधन आयोगानं 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्वी मुलांचे कागद खोटे बनवले गेले, आईबाप हयात असताना अनाथ दाखवलं गेलं. त्यामुळे "बिचाऱ्या अनाथ बाळाला घर देऊ" एवढ्याच भावनेवर सुरुवात करणाऱ्यांना मी तरी आधी थांबा म्हणेन.

आता परदेशात दत्तक जाणाऱ्यांत तान्ही निरोगी बाळं फार कमी. मोठी मुलं, भावंडं एकत्र, किंवा तब्येतीची काहीतरी गरज असलेली मुलं, असंच चित्र आहे. आणि घरात मुलं असणाऱ्यांना तर काही ठिकाणी नियमच तसा आहे. भारतातून घ्यायचं म्हटलं तर 2022 च्या नियमांप्रमाणे ज्या जोडप्याला दोन किंवा जास्त मुलं आहेत त्यांचा विचार फक्त स्पेशल नीड्स (शारीरिक किंवा मानसिक आरोग्याची खास गरज असलेल्या) किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशा मुलांसाठीच होतो, नात्यातलं किंवा सावत्र मूल असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एक मूल असताना अर्ज केला आणि दोन असताना केला तर समोर येणारी फाइल, म्हणजे मुलाची माहिती आणि कागद, वेगळीच.

आपल्याच देशातून की परदेशातून

हे दोन्ही रस्ते शेजारी ठेवून बघताना लोक पैसे आणि वेटिंग एवढंच बघतात, पण घरातल्या मुलांच्या बाजूनं बघितलं तर फरक दुसराच आहे. आपल्याच देशातलं मूल असेल तर बऱ्याचदा भेटी हळूहळू वाढवता येतात, आज दोन तास, मग दिवसभर, मग शनिवार-रविवार, आणि तोपर्यंत घरातल्या मुलांनाही कळतं की हा असा खेळतो, हा असा रुसतो. परदेशातून येणारं मूल हे त्यांच्यासाठी एक फोटो असतं आणि मग एक दिवस ते दारात उभं असतं, भाषा वेगळी, झोपायची वेळ वेगळी, सगळंच. उलट बाजू अशी की फॉस्टरच्या, म्हणजे मुलाला तात्पुरतं सांभाळायच्या, मार्गानं गेलात तर मूल त्याच्या घरी परत जाऊ शकतं, जावंही, तो त्या व्यवस्थेचा हेतूच आहे, पण तुमच्या सहा वर्षांच्या मुलीनं त्याला भाऊ मानून घेतल्यावर ते तिला समजावणं सोपं नाही. परदेशी दत्तकात एकदा घरी आलं की कायदेशीर धाकधूक कमी असते. हुरहूर असते ती घरी येण्याआधीची. चीननं बंद केलं तेव्हा मूल ठरलेली, फाइल हातात असलेली शेकडो कुटुंबं तशीच अडकली, आणि त्यातल्या किती घरात भावंडांना आधीच सांगून झालं असेल विचार करा.

म्हणून फोटो घरातल्या मुलांना कधी दाखवायचा हे आधीच ठरवा. परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारात कलम 17 आहे, त्याप्रमाणे दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांनी, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणांनी, होकार दिल्याशिवाय मूल सोपवताच येत नाही. मी म्हणेन की तो होकार येईपर्यंत फोटो फ्रिजवर लावू नका, "एखादं मूल येईल, अजून ठरलं नाही" एवढंच बोला. मुलांना वास लागतोच म्हणा.

आत्ता सुरू करायचं की मुलं जरा मोठी होऊ द्यायची

मुलं लहान असतानाच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे, चार-पाच वर्षांची मुलं नव्या माणसाला लवकर सामावून घेतात आणि तुमच्या अंगात जागरणं करायची ताकद असते. पण त्याच काळात हात आधीच भरलेले असतात, आणि येणारं मूल कागदावर तीन वर्षांचं असलं तरी मनानं कितीतरी लहान असू शकतं, म्हणजे एकाच वेळी दोघा-तिघांना कडेवर घ्यायची वेळ.

मुलं दहा-बाराच्या पुढे गेली की ती मोकळेपणानं नाही म्हणू शकतात, आणि हा मला तोटा नाही फायदा वाटतो. फिलिपिन्समध्ये तर घेणाऱ्यांच्या घरातल्या दहा वर्षांवरच्या मुलांची लेखी संमती लागते. मोठी मुलं मदत करतात हे मात्र हिशोबात धरू नका, चौदा वर्षांच्या पोरीला फुकटची आया समजून ठरवलेलं दत्तक मला पटत नाही.

थांबण्याची खरी किंमत तुमच्या वयात मोजली जाते. परत भारताचंच उदाहरण घेते कारण ते आकड्यात स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही, दोन ते चारसाठी 90, चार ते आठसाठी 100, आणि आठच्या पुढे 110. म्हणजे दोघं 41 आणि 40 असताना सगळ्याच गटांत बसताय, पाच वर्षं थांबलात तर बेरीज 91, आणि आता चारच्या खालचं मूल मिळणारच नाही. थांबायचं तर थांबा, पण घरातली मुलं मोठी होताना येणाऱ्या मुलाचं वयही वर सरकतंय हे लक्षात ठेवून. माझ्या मते घरातलं धाकटं शाळेत रुळलं, रात्री नीट झोपायला लागलं, की कागद सुरू करावेत, कारण होम स्टडी (सोशल वर्करनं केलेली घराची आणि कुटुंबाची तपासणी), पोलिसांचे दाखले, मेडिकल, अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून घ्यायचा सरकारी शिक्का) यात वेळ जातोच आणि तोपर्यंत ते अजून मोठं होतं.

धाकट्यापेक्षा लहान, मधलं की सगळ्यात मोठं

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि लोक यावर सगळ्यात कमी बोलतात.

धाकट्यापेक्षा लहान मूल आणलं तर घरातल्या क्रमाला धक्का लागत नाही. मोठा मोठाच राहतो, धाकट्याचा एक नंबर वर सरकतो, आणि लहान मूल शेवटी येणं हे कुठल्याही घरात घडतंच. मधे आणलं तर मधल्या मुलाचं काय होतं ते प्रत्येक घरात वेगळं, काही ठिकाणी छान जमतं. सगळ्यात मोठं मूल आणलं तर मात्र तुमच्या पहिल्याचं मोठेपण एका दिवसात जातं, आणि ते येणारं मूल संस्थेत कदाचित स्वतःच धाकट्यांना सांभाळत आलेलं असतं, त्याला इथे दुसरं कोणी लाडकं आहे हे पचत नाही. बरोबरीच्या वयाचं तर मी सरळ टाळा म्हणेन. एकच वर्ग, एकच वाढदिवसाचा महिना, आणि येणारे-जाणारे सगळे दोघांची उंची पाठीला पाठ लावून मोजणार.

सुरक्षिततेचं पण बोललं पाहिजे, कोणी बोलत नाही. मोठ्या वयाच्या मुलानं काय काय भोगलंय ते फाइलमध्ये असतंच असं नाही. जे त्याच्यावर झालं ते त्यानं आपल्यापेक्षा लहान मुलावर करायची शक्यता असते, त्याचा दोष नसतो, पण शक्यता असते. घरात लहान मूल असेल तर सुरुवातीला वेगळ्या खोल्या, दारं उघडी, दोघं एकटी नाहीत, हे नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखेच.

फाइल वाचताना फोटोवर कमी आणि तारखांवर जास्त वेळ घालवा. किती महिन्यांचं असताना संस्थेत आलं, मधे कुठल्या कुटुंबात होतं का, वजन-उंची-डोक्याचा घेर किती वेळा मोजलाय आणि वाढीची रेघ वर जातेय की सपाट आहे. रुमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांचा मायकेल रटर या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञांच्या टीमनं कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यात सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं बरीचशी बाकीच्यांसारखीच वाढली, त्याहून जास्त काळ तिथं राहिलेल्यांमध्ये अडचणी जास्त टिकून राहिल्या, सगळ्यांमध्ये नाही, पण राहिल्या. हे आठ वर्षांचं मूल नको म्हणायला सांगत नाहीये मी, तर घरात दोन लहान असताना त्याला लागणारे तास तुमच्याकडे आहेत का हे विचारायला सांगतेय. फाइल आंतरराष्ट्रीय दत्तकातल्या अनुभवी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि नाही म्हणायची वेळ आली तर म्हणा, घरातल्या मुलांकडे बघून म्हटलेलं नाही हे निर्दयपणाचं नसतं.

एकच की भावंडं दोघं, यात माझं मत सरळ आहे. घरात एक मूल असेल आणि ते बऱ्यापैकी मोठं असेल तर दोघांचा विचार करा, त्या दोघांना एकमेकांची भाषा आणि आठवणी तरी असतात. घरात आधीच दोन असतील तर दोन विरुद्ध दोन अशी फळी पडायला वेळ लागत नाही, आणि मोठी माणसंही तुम्ही दोघंच.

आणायला जाताना: घरातल्या मुलांना न्यायचं की घरीच ठेवायचं हा प्रश्न देशावर अवलंबून आहे. बल्गेरियाला दोन फेऱ्या होतात, पहिल्या फेरीत मुलाशी ओळख आणि मग काही महिन्यांनी आणायला, कोलंबियात सलग काही आठवडे राहावं लागतं. पहिल्या फेरीला घरातली मुलं नकोत, तेव्हा तुम्हाला डॉक्टर, संस्था, निर्णय यातून डोकं वर काढता येत नाही. आणायच्या वेळी मोठं मूल बरोबर असेल तर कधीकधी तेच पहिला पूल बांधतं, हॉटेलच्या खोलीत दोघं फुगा मारत बसतात आणि आईबाप कोपऱ्यात नुसते बघत. पण तीन वर्षांचं, सारखं "मम्मी उचल" म्हणणारं मूल नेलं तर नव्या मुलाला पहिल्याच तासात कळतं की ही मांडी भरलेली आहे.

घरी आल्यावर

कोकूनिंग म्हणतात, म्हणजे पहिले काही आठवडे-महिने नव्या मुलाला फक्त आईवडिलांनीच भरवायचं, उचलायचं, पाहुणे नाहीत, समारंभ नाहीत. एकुलत्या मुलासाठी हे जमतं. घरात शाळेत जाणारी मुलं असताना पूर्ण कोकूनिंग होतच नाही, त्यांचे क्लास, त्यांचे मित्र, दारावरची बेल, सगळं चालूच. मग वाटणी करावी लागते, एक जण नव्यासोबत घरात आणि दुसरा बाकीच्यांसोबत बाहेर, आणि काही दिवसांनी उलटं, नाहीतर मुलांनी आईबाप वाटून घेतल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त ठिणगी दुहेरी नियमांवरून पडते. नव्या मुलानं ताट ढकललं तर तुम्ही शांतपणे उचलता, कारण तुम्हाला माहितीय ते का करतंय. त्याच्या उशीखाली पोळीचे वाळके तुकडे सापडतात, तुम्ही काही बोलत नाही, उलट त्याच्या उशाशी खाऊचा डबा ठेवता. हे सगळं शेजारच्या बेडवरून तुमचा आठ वर्षांचा मुलगा बघत असतो, ज्याला परवाच बेडवर खाल्ल्याबद्दल ओरडा बसलाय. त्याला "तो अनाथ आहे ना" असलं काही सांगू नका, ते पुढे भांडणात वापरलं जातं, नक्की वापरलं जातं. "त्याला अजून खात्री नाही की उद्या पण जेवण मिळेल, म्हणून डबा आहे, तुलाही हवा असेल तर तुझाही ठेवू" एवढं बास. बहुतेक मुलं आपलाही डबा मागून घेतात आणि चार दिवसांत विसरतात.

होम स्टडीत सोशल वर्कर घरातल्या मुलांशीही बोलतात. तिथे त्यांना पाठ केलेली उत्तरं द्यायला लावू नका. त्याआधी तुम्ही स्वतः विचारताना "तुला बहीण हवी का" असं विचारू नका, हो म्हणणारच. "तुझी खोली अर्धी होईल, सुट्टीतली ट्रिप एक-दोन वर्षं होणार नाही, ती तुझ्या वस्तू मोडेल आणि आम्ही तुझ्याइतकं तिला रागावणार नाही, मग?" असं विचारा. त्यावर आलेलं "नको" गंभीरपणे घ्या, वर्षभर थांबून परत विचारा.

कागदांचं शेवटचं एक. घरात जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व कोणी तपासत बसत नाही, दत्तक मुलाचं मात्र तुम्हालाच पूर्ण करून घ्यावं लागतं. अमेरिकेत 2001 पासून लहान वयात दत्तक आलेल्यांना अटी पूर्ण झाल्या की ते आपोआप मिळतं, पण त्याआधी आलेली कितीतरी मुलं मोठी होऊन नागरिक नसल्याचं कळून अडकली, काहींना तर जन्मदेशात परत पाठवलं गेलं. आपोआप मिळत असलं तरी पासपोर्ट आणि नागरिकत्वाचा दाखला दोन्ही हातात घ्या. भारतासारखे देश दोन वर्षं अहवाल मागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, ते वेळेवर पाठवा, तुमच्या मागून येणाऱ्या कुटुंबांचंही त्यावर अवलंबून असतं. आणि मृत्युपत्र, विमा, पालकत्वाचे कागद यात सगळ्या मुलांची नावं आहेत ना ते त्याच महिन्यात बघून घ्या, नंतर बघू म्हटलं की राहतंच.