लँडिंग पेजच्या खोट्या कीवर्ड रिपोर्टपायी माझे ८४,००० रुपये गेले

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी बी.कॉम. आहे, हिशेबाची वही आजही स्वतः तपासतो. हे आधी सांगतो, कारण "तुला इतकं कसं कळलं नाही?" हे घरीदारी सगळ्यांनी विचारून झालंय.

वेबसाइट गूगलच्या शोधात 'वर आणून देणारे' कसं बोलतात ते तुम्हाला माहीत आहेच. त्यातलाच हा पोरगा, ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनच आला. "काका, २०२७ च्या सिंहस्थाला लोक मोबाइलवरच दुकान शोधणार." सुरुवातीला १२,५००, मग ११ महिने दरमहा ६,५००. दर महिन्याला रिपोर्टची पीडीएफ यायची. वेबसाइटवर गिऱ्हाईक आधी ज्यावर उतरतं ती पानं, म्हणजे लँडिंग पेज: समईचं पान, बंबाचं पान, हंड्याचं पान, आणि प्रत्येकापुढे कोणते शब्द (कीवर्ड) शोधून किती लोक आले त्याचा तक्ता. वर ठळक अक्षरांत 'गूगल ॲनालिटिक्स', म्हणजे वेबसाइटच्या भेटी मोजणारं गूगलचं साधन.

तिसऱ्या महिन्याचा कागद आत्ता समोर आहे. समईच्या पानाला एकूण भेटी ४१२. खाली १६ शब्द, त्यांची बेरीजही ४१२. मी स्वतः पेन्सिलीने बेरीज करून बरोबरची खूण केली होती. ती खूण बघितली की अजून रात्री झोप उडते. बेरीज जुळली म्हणून मी विश्वास ठेवला, आणि ती जुळायलाच नको होती! त्या ४१२ मध्ये मी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेली गिऱ्हाइकं होती. त्यांनी कुठला शब्द शोधला? गूगलने २०११ पासून शोधशब्द झाकायला घेतले आणि २०१३ नंतर ॲनालिटिक्समध्ये त्या जागी जवळजवळ सगळीकडे 'नॉट प्रोव्हायडेड' (शब्द दिलेला नाही) दिसायला लागलं. त्याच्या तक्त्यात ते एकदाही नव्हतं. शब्द दिसतात ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या दुसऱ्या साधनात. तिथे शोधातून आलेले क्लिक मोजतात, भेटी नव्हे, आणि मोजक्याच लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी गाळतात. म्हणून शब्दांची बेरीज सहसा एकूण आकड्यापेक्षा कमी भरते.

हे मला भाचीने दिवाळीत दाखवलं. सर्च कन्सोल त्याच्या ईमेलवर होतं, मालकी त्याची. तुमचं असेल तर आजच बघा, मालक म्हणून तुमचाच ईमेल हवा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, माझ्या नावावर होतं म्हणून आम्ही आत शिरू शकलो. तीन महिन्यांत समईच्या पानाला २७ क्लिक. दिसणारे शब्द बहुतेक आमच्याच दुकानाचं नाव, म्हणजे जुनीच गिऱ्हाइकं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "त्याने काम तर केलं ना? ग्राहक तक्रार करा." सायबरवाल्यांनी सांगितलं, ओटीपी कोणी घेतला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही. अहो, स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याने घेतलेल्या वस्तूंना त्याच कायद्यात सूट आहे, ते मी छापून नेलं, कोणी हातात घेतलं नाही. चौथ्या फेरीला एक साहेब म्हणाले, रिपोर्ट खोटा असल्याचं प्रमाणपत्र आणा. ते कोण देतं, हे त्यांनाही सांगता येईना. दुकान बंद ठेवून चार दिवस गेले.

पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट घेऊच नका, समोर सर्च कन्सोलमध्ये लॉगिन करून दाखवायला लावा. परफॉर्मन्समध्ये पेजेस, तिथे आपलं पान निवडा, मग क्वेरीज, म्हणजे शोधलेले शब्द. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानाच्या नावाचे शोध आधी वगळायला सांगा. वर्षाचा करार करू नका. पक्कं बिल घ्या. माझ्याकडे फक्त यूपीआयच्या पावत्या आहेत.

तो पोरगा आता सराफ बाजारात फिरतोय, परवाच कळलं. त्याचा तक्ता हातात आला तर आधी बेरीज करा. तंतोतंत जुळली तर एक रुपयाही देऊ नका.